योसेमिटीला जावयाचे कसे?

श्रोतेहो, गावाला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो "कशाने जायचे?" हा. एस.टी.ने जायचे, आगगाडीने जायचे की कुणाची मोटार मिळते का पाहायचे? खर्च किती, वेळ किती, सोबत म्हातारी माणसे आहेत की लेकुरवाळी बाई आहे, हे पाहून आपण काय ते ठरवतो आणि निघतो. हा प्रश्न आपल्या घरापुरता, आपल्या खिशापुरता आहे असे आपल्याला वाटते. पण एकाच ठिकाणी जाणाऱ्या हजारो घरांनी तो कसा सोडवला, यावर त्या ठिकाणाचे सारे भवितव्य ठरते. अमेरिकेतल्या एका डोंगरी राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. त्या उद्यानाचे नाव योसेमिटी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्याच्या पूर्व अंगाला सिएरा नेवाडा ही उंच पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. या रांगेच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट उंचीवर, एक दरी आहे. लांबी असेल सात-साडेसात मैल, आणि रुंदी बहुतेक ठिकाणी मैलभरसुद्धा नाही. दरीच्या तळाशी मर्सेड नदी वाहते आणि दोन्ही अंगांना उभे पाषाणकडे आहेत. त्यांतला एल कॅपिटन नावाचा कडा तळापासून ३,००० फूट सरळ वर गेला आहे. आपल्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना थोडी कल्पना येईल. फरक एवढाच की इथे अशा कड्यांच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या आहेत आणि मधे सपाट कुरणे आहेत. एका भिंतीवरून २,४२५ फुटांचा धबधबा तीन टप्प्यांनी खाली येतो.

सन १८६४ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने ही दरी आणि जवळची प्रचंड वृक्षांची एक राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली झाली. अट अशी घातली की ही जागा सर्व लोकांच्या उपयोगासाठी आणि विरंगुळ्यासाठी राहील, आणि ती कधीही कुणाला विकता येणार नाही. राजाची शिकारीची राने जगात पुष्कळ होती. पण निव्वळ निसर्गाच्या सौंदर्यासाठी, सामान्य रयतेच्या नावाने अशी रानटी भूमी एका देशाच्या मध्यवर्ती सरकारने राखून ठेवावी, याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक होय. पुढे जगभर जी राष्ट्रीय उद्याने झाली, त्यांची पाळेमुळे इथवर येतात.

आता या कायद्यात दोन वचने एकत्र दिलेली आहेत, ती नीट ध्यानात घ्या. एक वचन असे की ही जागा सर्वांची आहे, आणि दुसरे असे की ती कायमची टिकवायची आहे. दोन्ही वचने चांगली, पण त्यांचे आपसात पटणे अवघड. सर्वांची म्हटली की सर्वांना तिथवर पोचता आले पाहिजे. सर्वजण पोचले की ती जशीच्या तशी राहणे कठीण. या दोन वचनांचे भांडण जिथे उघड्यावर येते ती जागा म्हणजे तिथे जाणारी वाट. म्हणून वाटांचा इतिहास पाहू.

पहिली वाट अर्थात तिथल्या मूळ रहिवाशांची. अवानीची नावाचे आदिवासी लोक या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ओक वृक्षाची फळे कुटून त्यांचे पीठ करणे, मासे धरणे, शिकार करणे हा त्यांचा जीवनक्रम. पर्वताच्या पलीकडे मोनो सरोवराच्या काठी पाय्यूट लोक राहत, त्यांच्याशी यांचे येणे-जाणे आणि देवघेव चाले. त्यासाठी पर्वत ओलांडणाऱ्या पायवाटा होत्या. त्या वाटांवर चाके नव्हती की टोलनाका नव्हता. पाय हेच वाहन.

सन १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्या वर्षीपासून हजारो लोक डोंगरात घुसले. जमिनीवरून आदिवासींशी झगडे सुरू झाले. मार्च १८५१ मध्ये 'मारिपोसा बटालियन' नावाची स्वयंसेवकांची पलटण अवानीचींचा पाठलाग करीत दरीत शिरली. त्यांचा नायक तेनाया याला आणि त्याच्या लोकांना दरीबाहेर काढण्यात आले. तेनायाचा एक मुलगा कैदेत असताना मारला गेला. आज दरीच्या वरच्या अंगाला जे सुंदर निळे सरोवर आहे त्याला तेनायाचे नाव आहे. नाव राहिले आणि माणसे हुसकली गेली. तेव्हा बाहेरच्या जगाने योसेमिटीला जाण्यासाठी वापरलेली पहिली वाट ही फौजेची वाट होती, हे विसरून चालत नाही. काही आदिवासी कुटुंबे पुढे परत आली, हॉटेलांत आणि शेतात कामे करून राहिली. त्यांची दरीतली शेवटची वस्ती उद्यानाच्याच कारभाऱ्यांनी १९६९ साली पाडली. त्या जागी त्यांचे जुन्या पद्धतीचे गाव पुन्हा उभे करू देण्याचा करार व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. जी जागा 'सर्वांची' म्हणून जाहीर झाली, त्या 'सर्वां'मध्ये कोण बसते आणि कोण वगळले जाते, हा प्रश्न या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

फौजेमागून चार वर्षांनी, १८५५ मध्ये, हौशी प्रवाशांची पहिली टोळी आली. तिला घेऊन येणारा गृहस्थ होता जेम्स हचिंग्ज. सोने शोधायला आलेल्या या माणसाने पुढे मासिक काढले आणि त्यातून या दरीचे वर्णन व चित्रे प्रसिद्ध केली. लगोलग घोडी आणि खेचरे जाण्याजोग्या वाटा तयार झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला माणूस आधी बोटीने, मग घोडागाडीने डोंगराच्या पायथ्याशी येई. पुढे दोनेक दिवस खोगिरावर बसून चढ-उतार करावा लागे. ज्यांना घोड्याची सवय नाही त्यांची काय गत होत असेल ते सांगायला नको! सन १८५५ ते १८६४ या सबंध काळात साडेसहाशेच्या आसपास प्रवासी आले, अशी त्या वेळची गणना सांगते. म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या लग्नाला जेवढे पाहुणे जमतात तेवढे लोक नऊ-दहा वर्षांत मिळून आले. दरी सर्वांची झाली होती ती कागदावर. प्रत्यक्षात ज्याच्यापाशी पैसा, महिनाभराची सवड आणि दणकट शरीर, त्याची ती होती.

याला एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. सन १८६८ मध्ये जॉन म्यूर नावाचा तिशीतला, जन्माने स्कॉटिश तरुण सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि तिथून चक्क पायी योसेमिटीला गेला. खिशात फारसे काही नव्हते. पुढे त्याने मेंढरांमागे काम केले, हचिंग्जच्या लाकडाच्या गिरणीत नोकरी केली आणि सारा पर्वत पायाखाली घातला. याच म्यूरच्या लेखणीने अमेरिकेला अरण्ये राखायला शिकवले. पायी जाणाऱ्याला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो, आणि वेळ ही सुद्धा सर्वांच्या हाती असलेली वस्तू नव्हे.

यानंतर आला गाडीरस्त्यांचा काळ. १८६९ साली अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पुरी झाली आणि पश्चिमेकडे प्रवाशांचा ओघ सुरू झाला. मग डोंगराच्या पायथ्याच्या गावांत चढाओढ लागली. ज्या गावातून रस्ता जाईल त्या गावाचे हॉटेल चालणार, तबेला चालणार, दुकान चालणार. आपल्याकडे एस.टी.चा फाटा आपल्या गावावरून जावा म्हणून खटपटी होतात, तोच प्रकार! कूल्टरव्हिलचा रस्ता जून १८७४ मध्ये दरीत पोचला. त्याच्या मागोमाग महिनाभरातच बिग ओक फ्लॅटचा रस्ता उतरला. १८७५ साली दक्षिणेकडून वावोनाचा रस्ता आला. तिन्ही रस्ते खाजगी, तिन्हींवर टोल.

हे रस्ते केले कोणी? वावोनाचा सुमारे २३ मैलांचा रस्ता ऐन हिवाळ्याच्या चार-साडेचार महिन्यांत चिनी मजुरांनी सुरुंग, पहारी आणि फावड्यांच्या जोरावर तयार केला. पुढे १८८२-८३ मध्ये पर्वताच्या वरच्या अंगाने खाणीसाठी ५६ मैलांचा रस्ता झाला. तो सुमारे २५० चिनी आणि ९० गोऱ्या मजुरांनी १३० दिवसांत पुरा केला. आणि योग पाहा, त्याच १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. ज्यांच्या हातांनी वाट बांधली त्यांनाच देशाचा दरवाजा बंद! ती खाण तर लवकरच बुडाली, पण रस्ता राहिला. आज त्याला टायोगा रस्ता म्हणतात. उन्हाळ्यात त्यावरून लाखो लोक जातात. सुरुंग लावणाऱ्या त्या हातांची आठवण त्यांतल्या कितीजणांना होत असेल?

घोडागाडीने खोगिराचा त्रास वाचला, पण धुळीचा सुरू झाला. चार-चार, सहा-सहा घोडी जोडलेल्या उंच गाड्या वळणावळणांच्या कच्च्या रस्त्याने दौडत. प्रवासी मुक्कामाला उतरत तेव्हा ओळखू येत नसत, इतके धुळीने माखलेले. अधूनमधून दरोडेखोरही गाडी अडवीत. तरीसुद्धा आता बायका, मुले आणि वृद्ध माणसे दरी पाहू शकली. प्रवाशांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली. त्यांच्या घोड्यांसाठी दरीतली कुरणे कुंपणे घालून गवताची शेते झाली, सराया वाढल्या, झाडे तुटली. वाट रुंदावली की तिच्यामागून काय काय येते याचा हा पहिला धडा.

सन १८९० मध्ये दरीभोवतालचा विस्तीर्ण पर्वतप्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. तिथे राखणीला घोडदळ नेमण्यात आले. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले. ते पायथ्याच्या रेमंड गावापर्यंत आगगाडीने आणि पुढे घोडागाडीने आले. पण खरे दर्शन त्यांना झाले ते त्यापुढे. सरकारी लवाजमा बाजूला ठेवून ते जॉन म्यूरबरोबर तीन रात्री उघड्यावर झोपले. एका रात्री वरून बर्फही पडले. दरीचा कारभार राज्याकडून काढून मध्यवर्ती सरकारने घ्यावा, असा म्यूरचा आग्रह होता, आणि १९०६ साली तसे झाले.

लगेच दुसऱ्या वर्षी, १९०७ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. मर्सेड गावापासून नदीच्या घळीतून उद्यानाच्या सीमेपर्यंत सुमारे ७८ मैलांची रेल्वे सुरू झाली. दोन दिवसांचे हाल संपून प्रवास काही तासांवर आला. मात्र रुळांना उद्यानाच्या आत येऊ दिले नाही. एल पोर्टल या ठाण्यावर गाडी थांबे आणि उरलेले बारा-चौदा मैल घोडागाडीने जावे लागे. त्याच साली दुसरा हुकूम निघाला की मोटारगाड्यांना उद्यानात मनाई. पहिली मोटार १९०० सालीच वाफेवर फुसफुसत दरीत येऊन गेली होती. तिच्या आवाजाने घोडी बुजत आणि अरुंद रस्त्यावर अपघाताचे भय, म्हणून ही बंदी.

श्रोतेहो, १९०७ हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच साली आपली नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली. माथेरानला जाण्याचे कष्ट तिने कमी केले आणि डोंगरमाथ्याची शांतताही मोडली नाही. माथेरानला मोटार आजही दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी जायचे, नाही तर घोड्यावर. रुग्णवाहिका आणि अलीकडे विजेवर चालणाऱ्या थोड्या रिक्षा एवढाच काय तो अपवाद. म्हणजे एकाच साली दोन डोंगरांनी जवळपास एकच निवड केली: आगगाडी पायथ्यापासून वर आणायची आणि मोटारीला बाहेर ठेवायचे. माथेरानने ती निवड टिकवली. योसेमिटीने सहा वर्षांत बदलली.

ती का बदलली हे समजून घेण्यासारखे आहे. मोटारवाल्यांच्या संघटनांनी सरकारकडे तगादा लावला. ऑक्टोबर १९१२ मध्ये राष्ट्रीय उद्यानांविषयी एक परिषद खुद्द योसेमिटीतच भरली आणि तीत मोटारीचाच विषय गाजला. त्याच साली अमेरिकेतले ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस यांनी एका भाषणात इशारा दिला. त्याचा मथितार्थ असा की नंदनवनात साप काय करणार हे आदमला आधी कळले असते तर त्याने सापाला आत घेतले नसते. मोटारीमुळे या दरीचे काय होईल हे तुम्हाला कळले, तर तुम्हीही तिला बाहेरच ठेवाल. म्यूर आता वृद्ध झाला होता. त्याला मोटारीचे प्रेम नव्हते, त्याने तिची थट्टाही केली. पण त्याने कडवा विरोध केला नाही. अरण्ये वाचवायची तर अरण्यांना मित्र पाहिजेत आणि मित्र हवेत तर त्यांना येऊ दिले पाहिजे, हा विचार त्यामागे होता.

सन १९१३ मध्ये मोटारीला परवानगी मिळाली. नियम असे की आज हसू यावे. परवान्याचे पैसे भरायचे, वेग घोड्याच्या दुडकीएवढा ठेवायचा आणि समोरून घोडागाडी आली तर मोटारीने थांबायचे, वेळ पडल्यास मागेही सरायचे. मान घोड्याचा! पण हा मान तीन वर्षेही टिकला नाही. १९१६ च्या सुमारास घोडागाड्या बंद पडल्या आणि मोटारीने येणाऱ्यांनी रेल्वेने येणाऱ्यांना मागे टाकले. त्याच साली राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक स्टीफन मॅथर हे मोटारीचे कट्टर पुरस्कर्ते. मघाशी सांगितलेला टायोगा रस्ता त्यांनी १९१५ साली स्वतःच्या आणि मित्रांच्या पैशाने विकत घेऊन सरकारला दिला. त्यांचे गणित सरळ होते. उद्याने पाहणारे मतदार वाढले तरच कायदेमंडळ उद्यानांना पैसा देईल.

सन १९२६ मध्ये मर्सेड नदीच्या घळीतून, रेल्वेच्याच शेजारून, बारमाही पक्का रस्ता झाला. रेल्वेच्या प्रवासी वाहतुकीला हा मोठा तडाखा होता. लाकूड आणि चुनखडीची वाहतूक होती तोवर ती कशीबशी चालली, तीही आटली आणि ऑगस्ट १९४५ मध्ये शेवटची गाडी धावली. त्यानंतर रूळ उखडले गेले. ही घटना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. रेल्वे कुणी हुकूम काढून बंद केली नाही. एकेका कुटुंबाने आपल्या सोयीने मोटार निवडली आणि अशा लाखो निवडींची बेरीज होऊन दुसरी वाटच नाहीशी झाली. पुढे कुणाला रेल्वेने यावेसे वाटले तरी ते शक्य राहिले नाही.

इथे मोटारीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रेल्वेचे तिकीट दर माणशी, वर हॉटेलचा खर्च. मोटारीत मात्र आई-बाप, चार पोरे, आजी, तंबू आणि स्वयंपाकाची भांडी सगळेच मावत. गिरणी कामगार, शेतकरी, शाळामास्तर अशा साध्या माणसांना राष्ट्रीय उद्यान खरोखर पाहता आले ते मोटारीमुळे. लिंकनच्या कायद्यातले पहिले वचन, 'सर्वांसाठी' हे वचन, मोटारीने जितके पाळले तितके दुसऱ्या कोणत्याही वाहनाने पाळले नाही. म्हणून मोटारीला नुसता साप म्हणून मोकळे होता येत नाही.

पण दुसऱ्या वचनाचे काय झाले? १९५४ साली वर्षभरातल्या प्रवाशांची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली. १९९६ साली ती चाळीस लाखांवर आणि २०१६ साली पन्नास लाखांवर गेली. सात मैलांच्या दरीत उन्हाळ्याच्या सुटीत मोटारींच्या रांगा लागू लागल्या. धबधब्याचा आवाज ऐकण्यासाठी आलेला माणूस भोंग्यांचा आवाज ऐकत बसू लागला. कुरणांच्या कडांना चाकांनी माती घट्ट झाली. जुलै १९७० मध्ये तर गर्दी, तरुण मंडळी आणि रखवालदार यांच्यात दरीतच दंगल उसळली. त्याच साली उद्यानाने दरीच्या पूर्व टोकाचे काही रस्ते मोटारींना बंद केले आणि तिथे फुकट बस सुरू केली. १९८० च्या विकास आराखड्यात तर स्पष्ट लिहिले गेले की अखेरीस खाजगी मोटारी दरीतून पूर्णपणे काढावयाच्या. आराखडा कागदावर राहिला. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मोटारी दरीत आहेतच. एकदा अंगवळणी पडलेली सोय परत घेणे हे सरकारांनाही जड जाते.

जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला महापूर आला. रस्ते, तंबूंच्या जागा आणि खोल्या वाहून गेल्या आणि दरी दोन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिली. त्या आपत्तीतून पुन्हा विचार सुरू झाला. सन २००० मध्ये आसपासच्या गावांतून उद्यानात जाणारी सार्वजनिक बससेवा सुरू झाली. मर्सेड गावी रेल्वेतून उतरायचे आणि समोर बस पकडायची, अशी ती सोय आहे. तिच्या तिकिटातच उद्यानाची प्रवेश फी धरलेली असते. पूर्वी रेल्वे ज्या घळीतून जाई त्याच घळीतून आज ही बस जाते. त्याच २००० साली युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाने एक पाऊल पुढे टाकले. हंगामात मुख्य घळीत खाजगी मोटारी बंद करून सर्वांना बसने न्यायला सुरुवात केली. पन्नास वर्षांपूर्वी कुणी म्हटले असते की अमेरिकन माणूस मोटार सोडून बसमध्ये बसेल, तर त्याला लोक हसले असते. पण झायनमध्ये लोक बसले.

योसेमिटीने निराळा उपाय करून पाहिला. २०२० नंतर काही वर्षी गर्दीच्या दिवसांत आगाऊ नोंदणी केल्याशिवाय मोटारीला प्रवेश नव्हता. काही वर्षी हा नियम उठवला गेला. नोंदणीने गर्दी आवरते खरी, पण ज्याला ऐन वेळी सुटी मिळते, ज्याला यंत्रावर नोंदणी जमत नाही, तो मागे राहतो. पुन्हा तोच प्रश्न आला: 'सर्व' म्हणजे कोण?

आज आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे कॅलिफोर्नियात नोकरी-धंद्यानिमित्त राहतात. सुटीत आई-वडील तिकडे गेले की योसेमिटीची वारी ठरलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने मोटारीने चार-पाच तास लागतात. मुले म्हणतील, मोटारच सोपी. ती सोपी आहे हे खरे, पण दुसरी वाटही आहे हे ठाऊक असावे. खाडीच्या पलीकडच्या स्थानकांतून मर्सेडपर्यंत रेल्वे आणि तिथून बस. वेळ जास्त लागेल. पण वळणांच्या रस्त्यावर चालकही नदीकडे पाहू शकेल, आणि दरीत पोचल्यावर मोटार उभी करायला जागा शोधण्यात सकाळ जाणार नाही. टायोगा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, साधारण नोव्हेंबर ते मे. दरीचे रस्ते बारमाही आहेत, पण हिवाळ्यात चाकांना साखळ्या बाळगाव्या लागतात. दरीत उतरले की आत फिरायला फुकट बस आहे. आणि थोडे चालता येत असेल तर पायासारखे दुसरे वाहन नाही.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. इतिहास शिकवताना आपण राजे, लढाया आणि तह शिकवतो. वाटा आणि वाहने हा विषयही मुलांना सोपा करून सांगता येईल. आपल्या गावाजवळच्या किल्ल्यावर, लेण्यांना, घाटमाथ्यावर आजोबा कसे जात, वडील कसे गेले आणि मुले कशी जातात, हे मुलांनी घरी विचारून लिहून आणावे. रस्ता कोणी बांधला? तो झाल्यावर कोण श्रीमंत झाले आणि कुणाची जागा गेली? पूर्वी जाऊ न शकणारे कोण आता जाऊ लागले? वर कचरा केव्हापासून दिसू लागला? एवढ्या चार प्रश्नांत पुष्कळ इतिहास आणि नागरिकशास्त्र येऊन जाईल.

आज आपल्याकडेही घाटमाथ्यांवर रस्ते, रोपवे आणि वाहनतळ यांची मागणी वाढते आहे. ती मागणी खोटी नाही. म्हाताऱ्या माणसाला, अपंगाला, कडेवर मूल असलेल्या बाईला डोंगर पाहण्याचा हक्क आहेच. तो हक्क फक्त धडधाकट तरुणांचा नव्हे. दुसरीकडे, माणसाच्या कष्टावर पोसलेली सोयही न्यायाची नसते. माथेरानच्या हातरिक्षांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तेच सांगितले आणि त्या बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा वाट असावी की नसावी एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. ती वाट सर्वांना मिळून वापरता येते की प्रत्येकाला आपापले चाक घेऊन यावे लागते, हे पाहिले पाहिजे. एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात. चाळीस माणसांच्या दहा-पंधरा मोटारी होतात, आणि त्यांना उभे राहायला कुरणच लागते.

योसेमिटीच्या लोकांनी एक पर्याय ऐंशी वर्षांपूर्वी हातचा जाऊ दिला आणि गेली पन्नास वर्षे ते तो बसच्या रूपाने हळूहळू परत मिळवू पाहत आहेत. आपल्या बऱ्याच डोंगरांवर तो निर्णय अजून व्हावयाचा आहे. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल तेव्हा 'रस्ता पाहिजे' एवढे म्हणून उठू नका. त्यावरून कोणते वाहन जाईल, कुठे थांबेल आणि पुढे पायी किती जायचे, हेही त्याच बैठकीत विचारा. रस्ता झाल्यावर हे प्रश्न विचारून फारसा उपयोग होत नाही, असे योसेमिटीचा इतिहास सांगतो.